लाल ठिपक्याचं काय करायचं?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये भरलेल्या छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)

वडे कधी येणार म्हणून मघापासून दाराकडे बघणाऱ्या बालमित्रांनो,

अडतीस वर्षं मी बँकेत नोकरी केली. तिथे माझं भाषण म्हणजे ‘पेन्शनचं काम पुढच्या काउंटरला’ एवढंच. त्यामुळे कमिटीने जेव्हा सांगितलं की, काका, तुम्ही फोटोग्राफीवर वीस मिनिटं बोला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. पण मग एक गोष्ट घडली आणि मी कबूल झालो.

मे महिन्यात आपल्या बी विंगमधली एक कॉलेजला जाणारी मुलगी माझ्याकडे आली. हातात एक कॅमेरा. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला, तिच्या आजोबांचा. निकॉन एफएम-टू, त्याला पन्नास एमएमची लेन्स. तिचे आजोबा आपल्या सोसायटीच्या सुरुवातीच्या कमिटीत होते, जुन्या सभासदांना ते आठवत असतील. तिने विचारलं, “काका, सगळे आकडे कळले. पण या लेन्सवर मधल्या रेषेच्या शेजारी हा एक लाल ठिपका आहे, तो कसला? यूट्यूबवर प्रत्येक जण म्हणतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.”

मी तो ठिपका बघितला आणि जरा वेळ गप्पच बसलो. कारण त्या ठिपक्याकडे लक्ष न दिल्याची किंमत मी एकदा मोजलेली आहे. ती हकिगत सांगतोच. पण आधी एक छोटासा प्रयोग करू.

सगळ्यांनी आपापले मोबाइल काढा. सेल्फीचा कॅमेरा चालू करा. आता हा टीव्हीचा रिमोट मी तुमच्याकडे धरतो आणि बटण दाबतो. डोळ्यांना काही दिसतंय? नाही. आता मोबाइलच्या पडद्यावर बघा. रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरा दिवा लुकलुकताना दिसेल. सगळ्यांच्या मोबाइलवर दिसणार नाही, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत हा प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते. पण बहुतेकांना दिसला, असं आवाजावरून वाटतंय. तर हा जो प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण असतो, त्याला इन्फ्रारेड म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ‘अवरक्त किरण’. लाल रंगाच्या पलीकडचे.

हे किरण सापडले १८०० साली. विल्यम हर्शेल नावाचे खगोलशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये होते, युरेनस ग्रह शोधणारे तेच. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून कुठला रंग किती तापवतो ते मोजलं. लाल रंगाच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यात वर चढला. म्हणजे तिथे काहीतरी होतं. पुढे १९१० साली रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने या किरणांनी काढलेले निसर्गाचे फोटो प्रसिद्ध केले. त्यात झाडांची पानं पांढरीशुभ्र आणि आकाश काळंभोर. त्याला आजही ‘वुड इफेक्ट’ म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं होतं, लाकडाचा काहीतरी संबंध असेल. तसं नाही, ते माणसाचं आडनाव आहे.

पानं पांढरी का येतात? पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं, थोडा हिरवा परत पाठवतं, म्हणून पान हिरवं. पण इन्फ्रारेड त्याच्या उपयोगाचा नाही. तो पानाच्या आतल्या पेशींमधल्या पोकळ्यांवर आपटून जवळजवळ निम्मा बाहेर फेकला जातो. आपले उपग्रह पिकांची तब्येत बघतात ती याच गुणावर. १९८८ साली गेलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यात त्यासाठी इन्फ्रारेडचा वेगळा पट्टा होता. स्वच्छ पाणी मात्र हे किरण गिळून टाकतं, म्हणून नदी काळी येते. उन्हाळ्यातला लांबच्या डोंगरावरचा निळसर धुरकटपणा नाहीसा होतो. पण पावसाळ्यातलं धुकं नाहीसं होत नाही, कारण त्यातले पाण्याचे थेंब मोठे असतात. कुणी इन्फ्रारेड घेऊन जुलैत माळशेज घाटात जाणार असेल तर आधीच सांगून ठेवतो, पैसे वाया जातील.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसाला हे खूळ कुठून लागलं? बँकेतूनच लागलं. सत्तरच्या दशकात मी एका शाखेत होतो तेव्हा एक चेक आला. रक्कम बदललेली असावी असा संशय. अक्षर तेच, शाई डोळ्यांना तीच निळी. प्रकरण पोलिसांकडे गेलं आणि तिथून सरकारी दस्तऐवज तपासनिसांकडे. काही महिन्यांनी त्यांनी काढलेला फोटो मी बघितला. त्या फोटोत आधीचं लिखाण जवळपास पुसल्यासारखं फिकं आणि नंतर वाढवलेला आकडा एकटाच काळा कुळकुळीत उभा! डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन शाया इन्फ्रारेडमध्ये वेगळ्या वागतात. मी थक्क झालो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला की, आपण पण एकदा असा फोटो काढून बघायचा.

कॅमेरा होता माझ्याकडे. फोर्टातल्या बोरा बझारमधून सेकंडहँड घेतलेला असाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, त्यावर पंचावन्न एमएमची ताकुमार लेन्स. पहिल्या प्रमोशनच्या फरकाचे पैसे त्यात गेले. हिने त्यावरून मला काय ऐकवलं ते इथे सांगत नाही, ती पहिल्या रांगेत बसली आहे. अडचण होती फिल्मची. इन्फ्रारेड फिल्म आपल्याकडे दुकानात मिळायची नाही. शेवटी १९८४ साली माझा मावसभाऊ अमेरिकेतून आला तेव्हा त्याने कोडॅकच्या हाय स्पीड इन्फ्रारेडचे दोन रोल आणि जवळजवळ काळा दिसणारा एक फिल्टर आणून दिला. एकच अट, रोलची डबी उजेडात उघडायची नाही. साधी फिल्म आपण सावलीत भरतो, ही पूर्ण अंधारातच भरावी लागायची, नाहीतर शेपटीकडून उजेड आत शिरून रोल खराब व्हायचा.

ते रोल घेऊन मी गावी गेलो, वाई तालुक्यात. रात्री माजघरात, दिवे मालवून, वर गोधडी ओढून घेतली आणि आत चाचपडत रोल भरला. आई बाहेरून विचारत होती, “थंडी वाजून आली का रं?”

सकाळी वडिलांना म्हटलं, चला, पारावर तुमचा फोटो काढतो. आमच्या गावच्या वेशीजवळ मोठा वड आहे, त्याला दगडी पार. वडिलांना फोटोचं वेड नव्हतं. त्यांचा फोटो म्हणजे एक लग्नातल्या घोळक्यातला आणि एक कुठल्याशा फॉर्मला लावलेला, बस्स. त्या दिवशी मात्र काळी टोपी झटकून घातली, बंडीची बटणं लावली आणि बुंध्याला जवळजवळ टेकून बसले. मी तीन मीटरवर गुडघा टेकला. सावली दाट, फिल्टर काळा, ट्रायपॉड नाही. म्हणून लेन्सचं भोक पूर्ण उघडलं, म्हणजे जवळजवळ एफ/२, आणि वेग साठावर ठेवला. फिल्टर काढून त्यांच्या डोळ्यांवर अगदी नेमका फोकस केला, फिल्टर लावला आणि आठ फोटो काढले. ते अजिबात हलले नाहीत. पापणीसुद्धा लवली नसेल.

फिल्म मी स्वतःच धुतली, बाथरूममध्ये, डी-७६ मध्ये. निगेटिव्ह ओली असतानाच भिंगाखाली धरली. वडाचं पान न् पान चांदीचं! बुंध्यावरची साल, तिच्यातल्या भेगा, एक मुंगळासुद्धा स्पष्ट. आणि बुंध्याच्या पुढे, त्या सगळ्याच्या मधोमध, वडिलांचा चेहरा विरघळल्यासारखा. आठच्या आठ फोटोंत.

मी प्रिंट करून गावी नेला. आईने उजेडात धरून बघितला. काळी टोपी फिकी पांढुरकी आली होती, कारण कापडाचे काही काळे रंग इन्फ्रारेडमध्ये काळे राहत नाहीत. तिने टोपीबद्दल काही म्हटलं नाही. म्हणाली, “झाड बेस वळखू येतंय. ह्यांचं तोंड कुठं हाय रं?”

मी म्हटलं, पुढच्या वेळी चांगला काढतो. दुसरा रोल जपून ठेवला होता. त्याच वर्षी माघात वडील गेले.

कॅमेऱ्यात दोष आहे असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत होतो. नंतर एकदा सामान आवरताना फिल्मसोबत आलेला माहितीचा कागद हाताला लागला. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, इन्फ्रारेडसाठी फोकस दुरुस्त करून घ्या, लेन्सवर खूण असेल तर ती वापरा. लेन्स काढून बघितली. मधल्या रेषेच्या बाजूला लाल रंगात एक बारीक खूण आणि तिथे ‘आर’ हे अक्षर. दहा वर्षं तो कॅमेरा माझ्या हातात होता. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा, असं गिऱ्हाइकांना जन्मभर सांगणारा मी, आणि एवढं मोठं लाल अक्षर मला दिसलं नाही.

तर आता त्या लाल खुणेचा अर्थ नीट सांगतो. जरा लक्ष द्या, यात गणित आहे पण पासबुकापेक्षा अवघड नाही.

काचेतून जाताना प्रकाश वळतो, आणि प्रत्येक रंग वेगळा वळतो. जांभळा जास्त, लाल कमी. इन्फ्रारेड त्याहून कमी. जो कमी वळतो तो लेन्सच्या मागे जरा लांब जाऊन एकत्र येतो. लेन्स बनवणारे डोळ्यांना दिसणारे रंग एकाच जागी आणायची खटपट करतात, पण इन्फ्रारेडसाठी जुन्या लेन्समध्ये ती खटपट केलेली नसते. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्हाला जे स्पष्ट दिसतं, ते दिसणाऱ्या प्रकाशाचं चित्र असतं. फिल्मवर जे उमटणार, ते न दिसणाऱ्या प्रकाशाचं, आणि ते फिल्मच्या किंचित मागे तयार होत असतं. म्हणून लेन्स फिल्मपासून थोडी पुढे न्यावी लागते.

थोडी म्हणजे किती? जुना ठोकताळा असा की, लेन्सच्या फोकल लेंग्थच्या चारशेव्या हिश्श्याइतकी. माझी लेन्स पंचावन्न मिलिमीटरची, भागिले चारशे. उत्तर येतं सुमारे ०.१४ मिलिमीटर. आपल्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीपेक्षा जरासं जास्त. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होणार? तीन मीटरवर बसलेल्या माणसावर फोकस केला आणि ही दुरुस्ती केली नाही, तर इन्फ्रारेडमध्ये स्पष्ट काय येतं? सुमारे तीन मीटर चाळीस सेंटीमीटरवर जे असेल ते. माझ्या फोटोत त्या अंतरावर बुंधा होता. मुंगळा उगीच नव्हता एवढा छान आला! कागदाच्या जाडीएवढी चूक, आणि वडील निसटले.

आता करायचं कसं? ज्यांच्याकडे एसएलआर कॅमेरा आहे, म्हणजे ज्यात आपण लेन्समधूनच बघतो, त्यांच्यासाठी सांगतो.

पहिलं, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि फिल्टर न लावता फोकस करा. फिल्टर लावल्यावर काळोखच दिसतो.

दुसरं, मधल्या रेषेसमोर अंतराचा कुठला आकडा आला आहे तो बघा. समजा तीन मीटर.

तिसरं, फोकसची रिंग फिरवून तोच आकडा लाल ठिपक्यासमोर आणा. नीट केलं असेल तर मधल्या रेषेसमोर आता तीनपेक्षा लहान अंतर दिसेल. माझ्या लेन्सवर दोन मीटर साठ-पासष्टच्या आसपास. मोठं अंतर दिसलं तर समजा, उलट्या बाजूला फिरवलंत आणि चूक दुप्पट केलीत.

चौथं, आता फिल्टर बसवा, पण रिंग हलू देऊ नका. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. फिल्टर आटे फिरवत बसवताना फोकसची रिंग सोबत फिरते. एका हाताने रिंग धरून ठेवा. जुन्या लेन्समधलं ग्रीस वाळून रिंग घट्ट झालेली असेल तर या एका कामापुरता तो फायदाच आहे.

पाचवं, जमेल तेवढं भोक लहान ठेवा. एफ/११ ला स्पष्टतेचा पट्टा एवढा रुंद होतो की पन्नास एमएमच्या लेन्सवर ही चूक त्यातच जिरून जाते. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, ठिपका बघायची गरज नाही, एफ/११ ठेवा. निसर्गदृश्याला ते खरं आहे. पण सावलीत, माणसाचा चेहरा घेताना, भोक उघडायची वेळ आली की तो सल्ला तुम्हाला दगा देतो. मला विचारा.

लेन्सवर लाल ठिपका नसेल तर? मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४, ८, ११, १६ असे आकडे असतात, स्पष्टतेचा पट्टा दाखवणारे. पन्नासच्या लेन्सवर एफ/४ च्या खुणेलाच लाल ठिपका समजा, थोड्या फरकाने चालतं. कुठल्या बाजूची खूण? रिंग पूर्ण फिरवून अनंताचं चिन्ह, आडवं आठ, मधल्या रेषेवर आणा. तिथे रिंग अडकते. आता ती फक्त एकाच बाजूला फिरेल. आडवं आठ ज्या बाजूला सरकेल, ती तुमची बाजू. झूम लेन्सवर मात्र प्रत्येक लांबीसाठी खूण वेगळी असते, एका ठिपक्यावर विसंबू नका.

यशिकासारखा दोन भिंगांचा कॅमेरा असेल तर सोय अशी की, बघायचं भिंग वेगळं, त्यामुळे काळा फिल्टर खालच्या भिंगावर लावूनही वरून चित्र दिसत राहतं. पण दिसतंय म्हणून फोकस बरोबर आहे असं समजू नका. दुरुस्ती तिथेही करायची, फोकस जरा जवळ आणून भोक लहान ठेवायचं. आणि ज्यांच्याकडे आगफा क्लिकसारखा डबा कॅमेरा आहे, त्यांच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर आकडे बघायची लाल खिडकी असते. लाल उजेड न कळणाऱ्या जुन्या फिल्मच्या काळातली ती सोय. इन्फ्रारेड फिल्मला तर लाल उजेड सगळ्यात आधी कळतो, तेव्हा खिडकीवर काळी टेप चिकटवा आणि आकडा बघण्यापुरतीच सावलीत उघडा.

आता फिल्म आणि फिल्टर. कोडॅकने ती फिल्म २००७ साली बंद केली. ती ९०० नॅनोमीटरपर्यंत बघू शकायची. आपले डोळे साधारण ७०० पर्यंत. आज मिळणाऱ्यांत इलफर्डची एसएफएक्स २०० साधारण ७४० पर्यंत जाते, आणि रोलाय इन्फ्रारेड ४०० साधारण ८२० पर्यंत. सगळ्यांत रुळलेला फिल्टर आर-७२, तो ७२० च्या खालचा प्रकाश बहुतेक अडवतो. म्हणजे एसएफएक्सला या फिल्टरमागून अगदी अरुंद फटीतून बघावं लागतं. याचा फोकसशी संबंध काय? लाल ठिपका हा जुन्या, लांबपर्यंत बघणाऱ्या फिल्मचा विचार करून दिलेला असतो. आजच्या फिल्म दिसणाऱ्या लाल रंगाच्या जवळ काम करतात, त्यामुळे पूर्ण दुरुस्ती कधी कधी जास्त होते. मी स्वतः मधली रेषा आणि ठिपका यांच्या मधोमध ठेवतो. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा.

तपासणी सोपी आहे. पांढऱ्या कागदाच्या लांब पट्टीवर दोन-दोन सेंटीमीटरवर रेघा मारा, शिसपेन्सिलने. बॉलपेनने मारल्यात तर फोटोत कोरा कागद येण्याचा संभव, तो चेक आठवा. पट्टी उन्हात टेबलावर ठेवा, कॅमेरा एक मीटरवरून तिरका रोखा आणि मधल्या रेघेवर फोकस करा. भोक पूर्ण उघडं ठेवून तीन फोटो काढा. एक दुरुस्ती न करता, एक अर्धी करून, एक पूर्ण करून. निगेटिव्ह भिंगाखाली धरा. ज्यात मधली रेघ सगळ्यात तीक्ष्ण, ते तुमच्या लेन्सचं, त्या फिल्मचं आणि त्या फिल्टरचं उत्तर. डायरीत लिहून ठेवा. तीन फोटोंचा खर्च होतो, पण तो अशा वेळी झालेला बरा.

उजेडाचं मोजमाप कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडू नका, तो न दिसणाऱ्या प्रकाशाचा हिशोब नीट ठेवत नाही. रोलाय ४०० आणि आर-७२ असेल तर फिल्म ४०० ची नसून १२ ची आहे असं धरा. भर उन्हात एफ/११ ला सेकंदाचा तिसावा भाग. त्याच्या एक पायरी वर आणि एक पायरी खाली असे आणखी दोन घ्या. सावलीत त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ. आणि रोल अंधारात भरायची सवय आजही सोडू नका. गोधडी चालते.

आता शेवटचं, आणि मग वडे.

त्या मुलीने ऑगस्टच्या शेवटी, पाऊस उघडला तेव्हा, आजोबांच्या कॅमेऱ्यात रोलाय भरली. तिच्या बाबांच्या कपाटात बसून भरली, कारण आजकालच्या फ्लॅटमध्ये तेवढा एकच अंधार. ५२ एमएमचा आर-७२ तिने तिच्या पॉकेटमनीतून घेतला होता. आधी रेघांची पट्टी काढली, धुतली, डायरीत उत्तर लिहिलं. मग म्हणाली, आता आजीचा काढायचा.

आपल्या मागच्या कोपऱ्यातलं बुचाचं झाड तुम्हाला माहीत आहे. सोसायटीला ताबा मिळाला त्या पावसाळ्यात पहिल्या कमिटीने लावलेलं, हातभर रोप होतं. मी स्वतः त्याला बादलीने पाणी घातलंय, आणि तिच्या आजोबांनी तर रोजच. आज ते चौथ्या मजल्याच्या गॅलरीत फुलं टाकतं. त्याच्या खालच्या बाकावर आजी बसल्या. सावली दाट होती. मी मनात म्हटलं, पुन्हा तेच. दाट सावली, काळा फिल्टर, बुंधा मागे, माणूस पुढे. भोक एफ/४ ला उघडावं लागलं आणि वेग सेकंदाचा आठवा भाग. पण या वेळी ट्रायपॉड होता. मुलीने आजीच्या चष्म्यावर फोकस केला, आकडा वाचला, डायरी बघितली, रिंग फिरवली. मी पुढे होऊन हात लावणार होतो. ती म्हणाली, “काका, तुम्ही नुसता फिल्टर धरा.” मी फिल्टर धरून उभा राहिलो.

तो फोटो समोरच्या भिंतीवर मधोमध लावला आहे. बुचाचं झाड असं पांढरं आलंय की जणू ऑगस्टमध्येच फुललंय. बुंधा मागे जरा मऊ आहे. आणि आजींच्या चष्म्याची काडी, कानामागे गेलेली पांढरी बट, कपाळावरची गोंदणाची खूण, सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट.

त्याच्या शेजारी, खाली, एक लहान जुना फोटो आहे. त्याला चिठ्ठी लावलेली नाही. वडाच्या बुंध्यापुढे कुणीतरी बसलंय, ओळखू येत नाही. आमच्या आईने तो शेवटपर्यंत देवघराच्या बाजूला लावून ठेवला होता. मी एकदा म्हटलं, काढून टाक, खराब आलाय. ती म्हणाली, “मला दिसत्यात की.”

ज्यांच्या माळ्यावर जुने कॅमेरे असतील, त्यांनी या रविवारी ते खाली काढा. लेन्सला बुरशी आली असेल तर साफ करून घ्या, आपल्या हवेत ती येतेच. लाल ठिपका शोधा. सापडला नाही, कळला नाही, तर संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो. बेल वाजवा.

वडे आले आहेत.